बाह्या मोजता, मग सोनंही मोजा

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला, की परदेशातल्या आपल्या कॅथलिक मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. चर्चमध्ये काय घालून येऊ नये, याची यादी. बिनबाह्यांचे ब्लाउज नकोत. गुडघ्यावरचे स्कर्ट नकोत. खोल गळे नकोत. अंगाला चिकटणाऱ्या लेगिंग्ज नकोत. यादीच्या तळाशी, आठवण राहिली तर, 'पुरुषांनी बरमुडा टाळावा' अशी एक ओळ. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि मग दोन दिवस वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, देवाच्या घरी मर्यादा पाळायलाच हवी. दुसरा म्हणतो, देव मन बघतो, कपडे बघत नाही. तिसऱ्या दिवशी वाद विझतो आणि पुढच्या सणाला पुन्हा पेटतो.

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. मी वसईची, जन्माने आणि श्रद्धेने कॅथलिक. गेली वीसेक वर्षं आखातात राहते. मिस्सेला शालीन कपड्यांत जावं, असं माझंही ठाम मत आहे. पण ज्या शालीनतेच्या नावाने या याद्या निघतात, तिचा अर्थ आपण सोयीने अर्धाच वाचला आहे. बाह्यांची लांबी तेवढी लक्षात ठेवली आणि अंगावरच्या श्रीमंतीचं प्रदर्शन विसरलो. धर्मग्रंथात मात्र जास्त कडक शब्द या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहेत.

जे वाचक कॅथलिक नाहीत त्यांनी 'हा तुमचा घरगुती मामला' म्हणून पुढे जाऊ नये. शिर्डीत २०२० साली सभ्य पोशाखाचं आवाहन करणारे फलक लागले, २०२५च्या जानेवारीत प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराने पोशाखाचे नियम जाहीर केले, तेव्हा तुमच्याही घरात हीच वादावादी झाली असेल. देऊळ असो की चर्च, दारात उभं राहून दुसऱ्याच्या कपड्यांकडे बघणारी नजर सारखीच असते.

आधी 'देव मन बघतो' म्हणणाऱ्यांकडे वळते. देव मन बघतो हे खरंच. पण देवाने आपल्याला अंगही दिलं आहे आणि मिस्सा ही अंगाने करायची उपासना आहे. आपण उभे राहतो, गुडघे टेकतो, हात जोडतो, तळहात किंवा जीभ पुढे करून ख्रिस्तशरीर घेतो. कम्युनियनच्या आधी तासभर पाणी आणि औषध सोडून काही घेत नाही. नुसतं मन पुरलं असतं, तर यातलं काहीच लागलं नसतं. १९९२च्या कॅथलिक कॅटेकिझममध्ये १३८७व्या परिच्छेदात कपड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे: ख्रिस्त आपला पाहुणा होतो त्या क्षणाबद्दलचा आदर, त्याचं गांभीर्य आणि त्याचा आनंद आपल्या हावभावांतून आणि वस्त्रांतून दिसावा, असा त्याचा आशय. व्हिसाच्या मुलाखतीला जाताना इस्त्रीचा शर्ट शोधणारा माणूस मिस्सेला रात्रीच्या चुरगळलेल्या टी-शर्टवर येतो आणि वर देवाच्या मनकवडेपणाचा दाखला देतो. तो देवापेक्षा व्हिसा अधिकाऱ्याला जास्त मान देतो आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगते.

आता यादीवाल्यांकडे. 'हा चर्चचा नियमच आहे,' असं ठासून सांगितलं जातं. कुठला नियम? १९१७च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या संहितेत, १२६२ क्रमांकाचं कलम होतं. पुरुषांनी उपासनेत बोडक्या डोक्याने असावं, स्त्रियांनी डोकं झाकून, शालीन वेशात असावं, विशेषतः कम्युनियनसाठी पुढे जाताना, असं त्यात म्हटलं होतं. १९८३ साली नवी संहिता लागू झाली आणि जुनी रद्द झाली. नव्या संहितेत सामान्य भाविकाच्या बाह्यांविषयी किंवा पदराविषयी एकही कलम नाही. धर्मगुरूंनी योग्य पोशाख करावा असं एक कलम आहे, ते त्यांनी पाहून घ्यावं. गंमत अशी, की जुन्या नियमाचा हवाला देणाऱ्या आपल्या बहुतेक मंडळींना डोक्यावरचा पदर परत आणायचा नसतो. त्यांना त्यातला अर्धाच भाग हवा असतो.

रोमच्या सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे मान्य. पण तिथला नियम बरमुड्यातल्या पुरुषालाही तितकाच लागू आहे. आखातात राहतो तर यजमान देशाच्या रीतीभातीचा मान राखावा, हेही मान्य. शिवाय प्रत्येक पॅरिशला आपल्या दारावर साधी, सर्वांना सारखी सूचना लावण्याचा हक्क आहे. तेवढं करून थांबायला हवं होतं. पण आपण तिथे थांबत नाही. आपण संत पौलाला साक्षीला बोलावतो, आणि पौल साक्षीला आला की आपलीच अडचण होते.

शालीन वेशाबद्दल नव्या करारातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ते उघडून वाचा. स्त्रियांनी मर्यादेने वेश करावा असं म्हटल्यावर लगेच पुढे काय येतं? बाह्या नाहीत. गुडघे नाहीत. येतं ते केसांची नटवी वेणीफणी, सोनं, मोती आणि भारी किमतीचे कपडे. या गोष्टी नकोत, सत्कृत्यांनी नटा, असा उपदेश आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही तोच सूर आणि तेच सोनं. म्हणजे पहिल्या शतकातल्या त्या ख्रिस्ती मंडळींना मर्यादाभंगाचं उदाहरण द्यायचं झालं, तेव्हा समोर आली ती दागिने घालून मिरवणारी श्रीमंती. आपण त्याच वचनाचा आधार घेऊन, गळ्यात तीन पदरी हार घालून, शेजारच्या पोरीच्या उघड्या दंडाकडे बोट दाखवतो.

डोक्यावरच्या पदराचा प्रश्न पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात घेतला आहे. पदराची चर्चा अर्ध्या अध्यायात संपते. उरलेल्या अर्ध्यात तो करिंथच्या मंडळींना ज्या गोष्टीसाठी झापतो, ती अशी: प्रभुभोजनाला जमल्यावर कुणी पोटभर खाऊन-पिऊन झिंगतो, तर कुणी उपाशीच राहतो, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाज आणता आणि देवाच्या मंडळीचा अपमान करता. पदराचा भाग आपल्याला पाठ आहे. त्याच पानावरचा हा भाग आपण कितीदा ऐकला?

अजून हवं असेल तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घ्या. तिथे तर चित्रच रंगवलं आहे. सभेत एकजण सोन्याची अंगठी आणि झुळझुळीत कपडे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत. पहिल्याला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला उभं राहायला किंवा पायाशी बसायला सांगतात. याकोब अशा स्वागत करणाऱ्यांना दुष्ट बुद्धीचे न्यायाधीश ठरवतो. दारावरच्या स्वयंसेवकाला लावायला यापेक्षा सरळ धडा कुठे मिळणार?

चौथ्या शतकात अंत्युखियात प्रवचन देणाऱ्या संत योहान ख्रिसोस्तमने हाच धागा पुढे नेला. वेदीवर ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी मान द्यायचा आणि बाहेर थंडीत उघड्या पडलेल्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही, असं तो मत्तयच्या शुभवर्तमानावरच्या प्रवचनात बजावतो. त्याच्यासमोर बसलेले लोक आपल्यासारखेच होते. बऱ्यापैकी पैसा बाळगून असलेले, सणाला नटून येणारे, मनाने वाईट नसलेले.

हे सगळं मी पुस्तकातून काढून दाखवते आहे असं वाटत असेल, तर आखातातल्या कुठल्याही मोठ्या चर्चमध्ये सुट्टीच्या दिवशी येऊन बघा. इंग्रजी, मल्याळम, तगालोग, कोंकणी, तमिळ अशा भाषांतल्या मिस्सा एकामागून एक चालू असतात. एका मिस्सेची माणसं बाहेर पडत असताना दुसरीची आत शिरत असतात. बँकेतला मॅनेजर आणि लेबर कॅम्पमधला फिटर एकाच बाकावर बसतील अशा फार थोड्या जागा या शहरांत आहेत. मॉलमध्ये, इस्पितळात, शाळेत त्यांची गाठ पडत नाही. चर्चमध्ये पडते. रात्रपाळी संपवून आलेली नर्स असते. दुसऱ्याच्या घरी राबणारी, आठवड्यातून मोजून चार तास सुट्टी मिळणारी मोलकरीण असते. कॅम्पवरून दोन बस बदलून आलेला तरुण असतो. त्याच्याकडे एक चांगला शर्ट आहे आणि तो त्याने मिस्सेसाठी राखून ठेवला आहे. आदर म्हणजे काय, हे त्या शर्टाच्या घडीत दिसतं.

अशाच एका चर्चमध्ये काही वर्षांपूर्वी दारावरच्या स्वयंसेवकाने एका तरुणाला बाजूला घेतलं. अंगात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, पायांत सेफ्टी बूट. 'देवाच्या घरी तरी नीट कपडे घालून यावं,' असं त्याला चार लोकांसमोर ऐकवलं गेलं. तो कामावरून थेट आला होता. कॅम्पवर जाऊन कपडे बदलले असते, तर त्या दिवसाची शेवटची मिस्सा चुकली असती. त्याने वाद घातला नाही. बाहेरच्या बाकावर बसून त्याने लाउडस्पीकरवर मिस्सा ऐकली. कम्युनियनच्या रांगेत मी मागे वळून पाहिलं, तर तो आत आलाच नव्हता.

आत काय चाललं होतं, तेही सांगते. त्या दिवशी मुलांचं फर्स्ट कम्युनियन होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या डोक्यावर चमचमते मुकुट, मागे घोळणारे झगे, आयांच्या अंगावर लग्नाला शोभेल इतकं सोनं, मधल्या वाटेत फोटोग्राफर. कुणाचा झगा कुठून मागवला, कितीला पडला, याची कुजबुज बाकाबाकांवर. दोन मुली साध्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये होत्या आणि सारख्या एकमेकींकडे बघत होत्या. सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या. यादीतला एकही नियम मोडला नव्हता. स्वयंसेवकाने सगळ्यांना हसून आत घेतलं.

मर्यादा कोणी मोडली होती, हे तुम्हीच ठरवा. कॅनन लॉचं ८४३वं कलम तर धर्मगुरूंनाही सांगतं, की जो योग्य वेळी मागतो, ज्याची तयारी आहे आणि ज्याला कायद्याने मनाई नाही, त्याला संस्कार नाकारू नयेत. ज्या माणसाला वेदीवरच्या धर्मगुरूने परत पाठवलं नसतं, त्याला दारावरच्या एका वाक्याने परत पाठवलं.

शालीन कपडे म्हणजे नेमके कोणते, याचं उत्तरही आपण समजतो तितकं पक्कं नाही, आणि मराठी कॅथलिकांनी तरी हे विसरू नये. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या अनेक चालीरीती बंद केल्या. अ. का. प्रियोळकरांच्या पुस्तकात ते वाचायला मिळतं. पुरुषांनी पुडवं म्हणजे धोतर नेसायचं नाही आणि बायकांनी चोळी घालायची नाही, हे त्यात होतं. कारण ती हिंदूंची वस्त्रं. म्हणजे जी चोळी-साडी आज परदेशातल्या चर्चमध्ये 'आमची शालीन भारतीय परंपरा' म्हणून आपण अभिमानाने मिरवतो, ती एके काळी धर्माधिकाऱ्यांच्या लेखी गुन्हा होती. आमच्या वसईतल्या कुपारी बायका लाल लुगडं नेसून पिढ्यान्‌पिढ्या मिस्सेला जात आल्या. कोळी ख्रिस्ती बायकांचं लुगडं तर पोटऱ्या उघड्या ठेवतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीची पट्टी लावली तर या आज्या दारातच अडकतील. १९६९ साली रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्द्यांना मंजुरी दिली. त्यात पादत्राणं काढून ठेवण्याची आणि हात जोडून नमस्कार करण्याची मुभा होती. आपल्याकडे अनवाणी पाय हा आदर आहे. युरोपातल्या चर्चमध्ये अनवाणी गेलात, तर लोक वळून बघतील. कॅटेकिझमचा २५२४वा परिच्छेद म्हणतो तेही हेच: शालीनतेची रूपं संस्कृतीगणिक बदलतात, पण शालीनता सगळीकडे असते.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, मत्तयच्या शुभवर्तमानातल्या लग्नाच्या वस्त्राचा. मेजवानीला योग्य वस्त्र न घालता आलेल्याला राजाने बाहेर काढलं नाही का? काढलं. पण त्या वस्त्राचा अर्थ संत ऑगस्टीन आणि संत ग्रेगरी या दोघांनीही प्रेम असा लावला आहे. शिवाय बाहेर काढणारा राजा होता, दारावरचा नोकर नव्हता. नोकरांना हुकूम होता तो चव्हाट्यावर जाऊन भेटेल त्याला बोलावून आणायचा, आणि त्यांनी बरे-वाईट सगळे गोळा करून आणले.

दुसरा आक्षेप, की उघड्या अंगाने इतरांचं लक्ष विचलित होतं. इतर म्हणजे बहुतेकदा पुरुष. आपल्या कपड्यांमुळे दुसऱ्याची प्रार्थना अवघड होऊ नये, हा विचार मला पटतो आणि मी तो पाळते. पण मग पुढच्या बाकावरच्या पाच तोळ्यांच्या बांगड्यांनी मागच्या बाकावरच्या मोलकरणीची प्रार्थना विचलित होत नसेल का? गावी आईच्या औषधाचे पैसे पाठवायचे राहिले आहेत, तिच्या डोळ्यांसमोर ते सोनं तासभर किणकिणत असेल, तर तो विचार यादीत का नाही? आणि पुरुषाच्या नजरेचा भार बाईच्या पदरावर टाकून मोकळं होण्याची सोयही फार जुनी आहे. येशूने तो भार बघणाऱ्याच्या डोळ्यावर टाकला होता.

तिसरा आक्षेप, की असं बोलून शिस्त बिघडते. उलट मी जास्त शिस्त मागते आहे. बिनबाह्यांच्या ब्लाउजवर शाल घेणं सोपं आहे. पोरीच्या फर्स्ट कम्युनियनला झग्याचा आकडा आवरणं आणि घरातलं सोनं घरातच ठेवणं कठीण. कठीण आहे म्हणूनच ते यादीत येत नाही.

तर मग करायचं काय? तुम्ही पॅरिश कौन्सिलवर असाल तर पुढच्या बैठकीत एवढं मांडा. फर्स्ट कम्युनियनला सगळ्या मुलामुलींना पॅरिशतर्फे एकसारखा साधा पांढरा पायघोळ अंगरखा द्या. जगात अनेक पॅरिशमध्ये ही पद्धत आहे. समारंभ झाल्यावर अंगरखे धुऊन पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ठेवता येतात. पोशाखाची सूचना लावायची तर ती स्त्री-पुरुषांना सारखी असू द्या आणि तिच्यात सोन्या-नाण्याचंही एक वाक्य असू द्या. कामावरून थेट येणाऱ्यांचं त्यांच्या गणवेशात स्वागत आहे, हे त्याच सूचनेत मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ते त्यांच्या भाषांतही लिहा. दारावर कुणालाही कपड्यांवरून बोलायचं नाही, अशी स्वयंसेवकांना सक्त ताकीद द्या. फारच वाटलं तर दाराशी एका टोपलीत स्वच्छ शाली ठेवा. ज्याला हवी तो घेईल.

तुम्ही कुठल्याच कौन्सिलवर नसाल तर काम त्याहून सोपं आहे. मिस्सेच्या आदल्या रात्री कपडे इस्त्री करून ठेवा. चांगले, स्वच्छ, अंग झाकणारे, तुमच्या ऐपतीला शोभणारे पण तिची जाहिरात न करणारे. आणि तो कंपनीच्या टी-शर्टमधला मुलगा किंवा त्याच्यासारखा कुणी बाहेरच्या बाकावर बसलेला दिसला, तर उठून त्याच्याकडे जा. आत तुमच्या शेजारी जागा आहे, एवढं त्याला सांगा.